काकूंच्या आलेखाची वाकडी रेघ

वर्गात त्यांना सगळे काकू म्हणत. विशीतल्या पोरापोरींत पंचेचाळिशीची बाई पहिल्या बाकावर येऊन बसली, तर दुसरं काय म्हणणार? लग्न, मग मुलगी, मग सासऱ्यांचं आजारपण, असं करता करता बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. मुलगी परगावी नोकरीला लागली, तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं, "आता तरी जा. माझं मी बघते." सासूबाईंना ऐकू जेमतेम येत होतं आणि गुडघे कुरकुरत होते. त्या स्वतःचं काय बघणार, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या गेल्या.

भौतिक रसायनशास्त्राचं नाव काढलं की पोरं मागचा बाक शोधत. काकू मात्र त्याच्या प्रेमातच पडल्या. एकदा मॅडम म्हणाल्या, "एखादी गोष्ट आपसूक घडू शकते का, ते थर्मोडायनॅमिक्स सांगतं. ती घडायला वेळ किती लागेल, ते कायनेटिक्सला विचारा." काकूंनी हे घरी येऊन सासूबाईंच्या कानात ओरडून सांगितलं.

"म्हणजे माझ्या लेकाची कामं," सासूबाई म्हणाल्या. "होणार हे नक्की. कधी, ते विचारायचं नाही."

पेपरात डोकं खुपसून बसलेल्या लेकाने त्या दिवसापुरतं बहिरेपण स्वतःकडे घेतलं.

लेखी परीक्षा काकूंनी झोकात दिली. घोडं अडलं प्रॅक्टिकलला. गेल्या वर्षी त्यातच त्या नापास झाल्या होत्या. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी होती. आता गेली की पदवीवर पाणी सोडायचं.

प्रयोग दिसायला सोपा. बाटलीत एस्टर आणि आम्ल एकत्र करून, तापमान बदलू नये म्हणून ती पाण्याच्या टबात ठेवायची. थोड्या थोड्या वेळाने त्यातलं थोडं काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं, म्हणजे अभिक्रिया आहे तिथेच थबकते. मग फिका गुलाबी रंग येईपर्यंत ब्युरेटच्या नळीतून अल्कली थेंब थेंब सोडायची. आलेख काढला की सरळ रेघ यायला हवी. सगळ्यांची यायची. काकूंची रेघ निघताना शहाण्यासारखी निघे आणि पुढे जाऊन वर वाकडी होई. काकूंनी आम्लाला दोष दिला, ब्युरेटला दिला, शेवटी डोळे तपासून नवा चष्माही केला. रेघ वाकडी ती वाकडीच.

त्यांच्या टेबलावरची जोडीदारीण म्हणजे एक अबोल, जाड चष्म्याची मुलगी. सरावाच्या शेवटच्या दिवशी तिने एकदाचं तोंड उघडलं.

"काकू, तुम्ही बाटली हातात का धरून बसता?"

काकूंनी खाली पाहिलं. बाटली टबात नव्हतीच. ती त्यांच्या दोन्ही तळव्यांत, पोटाशी धरलेली होती. टबातून कधी उचलली, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

सासूबाईंच्या कानात रोज औषध घालायचं असे. गार थेंब गेले की त्यांना घेरी येई, म्हणून काकू आधी बाटली तळव्यांत धरून कोमट करायच्या. कित्येक वर्षं हे चाललं होतं. हातात बाटली आली की बोटं आपोआप मिटायची.

"अगं बाई! म्हणजे मी हिला ऊब देतेय!"

"आणि अभिक्रिया सुसाट सुटतेय," मुलगी म्हणाली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पण कळलं म्हणून वळतं थोडंच? परीक्षेच्या दिवशी काकूंना स्वतःच्या हातांचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून एक मोजणी झाली की दुसरीची वेळ होईपर्यंत त्या दोन्ही हात बर्फाच्या ट्रेमध्ये खुपसून उभ्या राहिल्या. बाहेरून आलेले परीक्षक चक्रावले.

"बाई, हे काय चाललंय?"

"सर, हातांना आवर घालतेय. यांनी बाटली धरली की वेग वाढतो."

"का वाढतो?"

"तापमान चढतं, सर. मग अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा जास्त रेणूंकडे येते."

परीक्षकांनी आलेखावर पट्टी ठेवली. पट्टी उचलून ते हळूच म्हणाले, "निकाल मी सांगायचा नसतो. पण तुम्ही निर्धास्त घरी जा आणि हात शेका."

घरी थेंबांची वेळ होऊन गेली होती. काकूंनी बाटली तळव्यांत धरली, पण बधिर झालेले हात अजून गारच होते. सासूबाईंचं डोकं कलतं करताना त्यांची बोटं गालाला लागली आणि सासूबाई दचकल्या.

"केवढे गार हात गं! नापास झालीस?"

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. डोळे मात्र वाहू लागले. सासूबाईंनी बाटली काढून बाजूला ठेवली आणि ते दोन्ही हात आपल्या हाडकुळ्या हातांत घेऊन चोळायला लागल्या. "जाऊ दे," त्या पुटपुटल्या. "जाऊ दे गं."

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. "आई, पास झाले!"

सासूबाईंनी हात सोडले नाहीत. "मग रड खुशाल," त्या म्हणाल्या. "माझे थेंब थांबतील."