गायरानातली धाव

सैन्यभरतीसाठी धावणारी गावोगावची मुलं डांबरी रस्ताच का धरतात, हे कधी विचारलंत? किलोमीटरच्या दगडामुळे तिथं अंतर अचूक कळतं, एवढ्यासाठीच. फौजेतून निवृत्त झालेले आमचे हवालदारकाका मात्र गायरानात दोरीनं भरतीच्या धावेचे सोळाशे मीटर मोजत होते. वाकताना त्यांचे गुडघे कडकड वाजले.

"काका, बंदूक घरी ठेवून यायची," डांबरी रस्त्यावर धावून सुजलेला गुडघा चोळत, भरतीची तयारी करणारी सुनीता म्हणाली.

"वीस वर्षं पक्क्या जमिनीवर बूट आपटलेत, पोरी. तू मातीवर धाव. पण आधी सूज उतरू दे."

आज पंधरा दिवसांनी ती मऊ मातीवरून न लंगडता धावली, आणि काकांनी चक्क शिट्टी मारली. नोकरी संपली तरी झिजलेले गुडघे म्हातारपणी सैनिकालाच वागवावे लागतात. तुमच्या गावच्या गायरानातही धावणाऱ्या मुलांना एवढी वाट या आठवड्यात आखून द्या.