धोबिणीचे हात

“सहा महिने मी म्हातारीचे हात नुसते बघत होतो, मग मातीला बोट लावलं,” असं ओनेझिम व्होशे एकदा म्हणाला होता. बास्तियाँला ते तेव्हाच खटकलं. हातात बघायचं काय असतं सहा महिने?

बास्तियाँ कौलं भाजायचा. ओनेझिम त्याचा जुना मित्र, पिंपं बांधणाऱ्याचा मुलगा. पोटासाठी कबरीवरचे देवदूत प्लास्टरमध्ये ओतायचा. पन्नाशीपर्यंत त्याने स्वतःचं असं एकच काम केलं: म्हाताऱ्या फिलिबेर्त धोबिणीचा मातीचा पुतळा, बाह्या कोपरापर्यंत सारलेला. बास्तियाँच्याच भट्टीत तो भाजला. नगरपालिकेला तो पसंत पडला, तर बाजारातल्या कारंज्याचं काम ओनेझिमला मिळणार होतं.

पण ते हात! सुजलेली पेरं, साबणाने फाटलेली कातडी, नखातली चीरसुद्धा. माणसाला हे जमतं? आणि ओनेझिमच्या कामाच्या खोलीत, कोपऱ्यात ती प्लास्टरची पोती. गुत्त्यात दुसऱ्या पेल्यावर बास्तियाँ बोलून गेला, “घडवलेत की म्हातारीच्या हातावरून साचा काढलाय, देव जाणे.”

रविवारपर्यंत ते गावभर झालं. सोमवारी नगरपालिकेच्या गोदरों महाशयांनी सगळ्यांना त्याच खोलीत पुतळ्यासमोर उभं केलं.

“बाई, हात पुढे करा.”

“मागणी घालताय?” फिलिबेर्त म्हणाली. “तीस वर्षं उशीर केलात, महाशय. आणि या हातांवर प्लास्टर कुणी थापलं नाही. थापलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थापलं असतं.”

“गप्प राहायला तुम्हाला त्याने काय दिलं, ते ठाऊक आहे आम्हाला.”

“थंडी दिली. सहा महिने बसवलं मेल्यानं.”

गोदरोंनी कंपास लावला. मनगट, तळवा, अंगठा. आधी तिचा, मग मातीचा. केसभर फरक नाही.

“सापडला!” गोदरों म्हणाले. “तंतोतंत! साचाच आहे.”

ओनेझिम बास्तियाँकडे बघत होता, वाट बघितल्यासारखा.

बास्तियाँला आधी बरं वाटलं. मग त्याला आपली कौलं आठवली. आयुष्यभर तो कौलाचा साचा मुद्दाम मोठा करत आला होता, कारण वाळताना आणि भाजताना माती बाराव्या हिश्श्याने आकसते. म्हातारीच्या हातावरच्या साच्यातून काढलेला हात भट्टीतून लहान होऊन आला असता, एखाद्या पोरीचा वाटावा इतका.

“महाशय, उलटं आहे,” तो म्हणाला. “माप जुळलं म्हणूनच हा साच्यातला नाही. भाजताना माती आकसते, तेवढंच मोठं त्याने एकेक बोट घडवलंय, नुसत्या नजरेनं. मीच भाजलंय. मला कळायला हवं होतं.”

“मग गुत्त्यात काय बडबडलास?” गोदरोंनी विचारलं.

बास्तियाँने मान खाली घातली.

“बरं तर,” गोदरों म्हणाले, “कारंजं व्होशेचं. फक्त आमच्या समाधानाखातर, व्होशे, इथंच एक बोट करून दाखवा.”

टेबलावर ओल्या मातीचा गोळा होता. ओनेझिमने त्याकडे बघितलं नाही, गोदरोंकडेही नाही. म्हातारीच्या हातांकडे बघायचा तसं, सावकाश, त्याने बास्तियाँच्या तोंडाकडे बघितलं. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि दार उघडं टाकून निघून गेला.