झोलेका टीचरचं शुद्धलेखन

झोलेका माबांडला दक्षिण आफ्रिकेतल्या मथाथाहून कोरियाच्या दक्षिण टोकाच्या बेटावर इंग्रजी शिकवायला आली, तेव्हा शाळेत तिच्या मापाच्या सपाताच नव्हत्या. बाहेरचे बूट दाराशी काढायचे आणि आत सपाता घालायच्या, ही रीत. चार दिवस तिने टाचा बाहेर ठेवून शिकवलं, पाचव्या दिवशी बाजारातून पुरुषी निळ्या सपाता आणल्या. अडलं की वाट काढायची, कुढत बसायचं नाही, हा तिचा स्वभाव. तिच्या आईने नर्सची नोकरी करून चार मुली एकटीने वाढवल्या होत्या. त्या घरात कुढायला कुणाला सवडच नसे.

आंबवलेल्या कोबीची तिखट किमची तिला पहिल्याच घासाला आवडली. सहावीचा वर्ग मात्र काही केल्या बोलेना. इंग्रजीत "कसे आहात?" विचारलं की चौदातली तेरा मुलं एका सुरात "मजेत, आभारी आहोत" म्हणायची आणि लगेच माना खाली घालायची. खिडकीजवळची गारम तर ओठसुद्धा हलवत नसे.

तिच्यासोबत वर्ग घेणाऱ्या प्यो बाईंना तिने कारण विचारलं.

"चुकलं की बाकीचे हसतात. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं वाटतं त्यांना. मीही अशीच होते."

झोलेकाने त्यावर दोन दिवस विचार केला. शुक्रवारी ती प्यो बाईंना घेऊन पहिलीच्या वर्गावर गेली. तिथे दर शुक्रवारी दहा वाक्यांचं शुद्धलेखन असे. पहिलीच्या सोल बाई साठीला टेकलेल्या, करड्या आवाजाच्या.

"मला बसू द्याल का परीक्षेला?" झोलेकाने प्यो बाईंमार्फत विचारलं.

सोल बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बसा की. पण सांगून ठेवते, सवलत मिळायची नाही."

गुडघे छातीशी घेऊन ती चिमुकल्या बाकावर बसली. मातृभाषेत टाळूला जीभ लावून तीन तऱ्हेचे टकटक आवाज काढणारी ही बाई, पण कोरियन स्वरांपुढे तिचा कान हरला. नऊ वाक्यांवर लाल फराटे. शंभरात दहा!

शेजारची सेब्योल कागदावर वाकून खुदकन हसली. "टीचर, तुमच्या गावचे कुत्रे तिरके चालतात?"

वाक्य होतं, खेकडा तिरका चालतो. कोरियनमध्ये कुत्रा आणि खेकडा ऐकायला सारखेच. लिहिताना एका रेघेचा काय तो फरक.

तो कागद झोलेकाने सहावीच्या फलकावर टाचला. उपमुख्याध्यापक मेंग सरांनी पाहिला आणि ते धावतच आले.

"काढा आधी तो! शिक्षकाची काही अब्रू असते की नाही?"

"सर, पुढच्या शुक्रवारी वीस आणते. आणले नाहीत तर काढते."

मेंग सर काही बोलणार, तोच मागून कुणीतरी फिसकन हसलं. गारम होती. फलकावर बोट ठेवून ती चक्क इंग्रजीत म्हणाली, "कुत्रा नाही. खेकडा."

"खेकडा कसा चालतो?" झोलेकाने इंग्रजीतच विचारलं.

"बाजू... बाजू जातो."

वाक्य मोडकंच होतं, पण झोलेकाने ते दुरुस्त केलं नाही. ती तशीच वर्गभर तिरकी चालली. मग चौदा जणांना चौदा गोष्टी सांगायच्या होत्या, आणि मेंग सर दारात उभे राहून ऐकत होते.

पुढच्या शुक्रवारी तिला तीस मिळाले. त्यानंतर खुद्द मेंग सरच जेवणाच्या रांगेत विचारू लागले, "आज किती?" फोनवर आई टोमणा मारी, "पगार शिकवायचा घेतेस आणि स्वतःच पहिलीत बसतेस!"

"बसते. आणि माझी मुलं आता बोलतात, आई."

ऑक्टोबरात एका शुक्रवारी पहिलीच्या दारात एक बाई अवघडून उभी राहिली. अंगावर रबरी कोट, त्याला समुद्री शेवाळाचा वास. गारमची आई न्हुंग. लग्न होऊन व्हिएतनामहून आली त्याला तेरा वर्षं झाली होती. बोलायची बेटावरच्या कुणाही बाईसारखी, पण लिहायची वेळ आली की पेन नवऱ्याच्या हातात देई. शाळेच्या चिठ्ठीला तिने कधी उत्तर लिहिलं नव्हतं.

"गारम सांगत होती, इथे मोठी माणसंही चुकतात म्हणून," ती सोल बाईंना म्हणाली. "मी... बसू?"

"होडी किनाऱ्याला लावून आलात ना, गारमची आई? मग हात पुसा आणि बसा. वाक्य एक, लिहा."

झोलेकाने सरकून जागा दिली. त्या दिवशी तिला चाळीस मिळाले आणि न्हुंगला सत्तर. न्हुंगने आकडा दोनदा वाचला, मग झोलेकाच्या कागदात डोकावली आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

"पुढच्या वेळी माझं बघून लिहा, टीचर."

"गारमची आई!" सोल बाई कडाडल्या. "माझ्या वर्गात नक्कल चालायची नाही."