सायलेन्सरातला बोळा

ये वो पोरी, अशी जवळ सरक. बहिणीकडं आली अन् बहिणीच्याच खोलीत दडून बसली! बहिणीची सासू काय वाघीण हाय? मोबाइल ठेव बाजूले. पाय झाक, जमीन गार हाय. तुले एक सांगायचं हाय, पण तुझ्या तोंडाकडं पाहून सांगवत नाही. म्हणून शेंगा फोडत सांगते. तूही फोड.

यंदाच्या थंडीत तुले पाहाले पाव्हणे यायचे होते ना, त्याच्या आदल्या दिवशी तुझा बाप इथं आला. मोठ्या लेकीले न्यायले. पाव्हण्यांसमोर बहीण तुझ्याजवळ बसाले पाहिजे म्हणून. चहा घेऊन निघतो म्हणे. मीच अडवलं. "इवाई, तुमचं साखरखेर्डा काय इथं वेशीपाशी हाय? एवढ्या थंडीत माझ्या सुनेले गाडीवर नेता? जेवा, झोपा, सकाळी जा." इवायाले उपाशी जाऊ देलं तं गाव तोंडात शेण घालते.

जेवणं झाली. मी भांडी आवरून आंगणात गेली, तं तुझ्या बापाची जुनी गाडी उघड्यावर कुडकुडत उभी. मले हिवाळ्याची एक खोड हाय. दिसंल त्या भोकात बोळा कोंबते. मोरीले बोळा, हरभऱ्याच्या कोठीले बोळा. नाही तं उंदीर ऊब पाहून शिरतात. गाडीच्या त्या मागच्या नळीत, सायलेन्सर म्हणतात ना त्याले, त्यात शिरला तं? माझ्या जुन्या हिरव्या काठाच्या लुगड्याचा तुकडा फाडला अन् काडीनं चांगला आत ठासला. वरून गोधडी टाकली. गाडीचाही पाहुणचार केला म्हण. अन् घरात आली तशी विसरून गेली.

सकाळी तुझ्या बापानं गोधडी काढून घडी केली, चोक ओढला, किक मारली. भुर्र केलं अन् गप्प. पुन्हा मारली. गप्प. तुझे भाऊजी धावले, पाना आणला, प्लग काढला, पुसला, चुलीपाशी शेकला. "करंट तं येऊन राह्यला, मामा. पेट्रोलबी हाय."

"थंडीनं धरली गाडी," शेजारचा भिंतीवरून बोलला.

"काल तं एका किकीत चालू झाली होती," तुझा बाप बोलला. मफलर सुटला होता, कपाळाले घाम. घटकाघटकानं घड्याळ पाहे. तिकडं पाव्हणे निघाले असतील, अन् हा इथं माझ्या आंगणात.

अन् मी काय केलं, ऐक. चहाचा कप घेऊन वट्यावर उभी राह्यली अन् सगळ्यांदेखत म्हटलं, "काऊन वो इवाई, लेकीचं लगन काढलं अन् गाडी ही? पाव्हण्यांनी ही गाडी पाह्यली तं पोरगी न पाहताच वापस जातील!"

आपल्यात इहीण इवायाची मस्करी करतेच. लोक हसले. तुझा बापही हसला. पण त्यानं हात फिरवला गाडीच्या टाकीवर, जसा आजारी बैलावर फिरवतात तसा. ते मी पाह्यलं, अन् तरी मले काही समजलं नाही.

शेवटी गाडी वट्यापुढच्या उताराले लावली. चौघांनी धक्का देला. गिअर पडला, गाडीनं हिसका खाल्ला, अन् मागून फट्‌कन असा आवाज झाला की कोंबड्या उडाल्या. माझ्या पायापाशी येऊन पडला बोळा. हिरव्या काठाचा. काळा झालेला, धुपत होता, पण काठ वळखू येत होता. तुझी बहीण तो उचलाले वाकली, अन् तशीच थांबली. "आत्याबाई, हा तं..." एवढंच बोलली.

गाडी कशी झकास चालू होती! कोणी हसंना. मले वाटलं, जमीन फाटावी.

तुझा बाप आला, बोळा पायानं विझवला, अन् म्हणते, "इहीणबाई, गाडीलेही मफलर बांधला व्हय? बरं केलं." तवा कुठी लोक हसले. तो माझ्यासाठी हसला, पोरी. मले वर पाहता आलं नाही. चुकलं, एवढा एक शब्द निघाला नाही तोंडातून. सुनेले बसवलं अन् गेला.

पुढचं तुले ठाऊक हाय. ते पोचले तवर पाव्हणे चहा घेऊन उठले होते. घरधनीच नाही तं बोलणी कोणाशी करायची म्हणे. पुन्हा फिरकले नाहीत. माझी मस्करी खरी झाली.

घरी तुझ्या बापानं काय सांगितलं? थंडीनं गाडी धरली. होय ना? तुझ्या बहिणीलेही बोलू देलं नाही. ती परवा मले म्हणाली, "आत्याबाई, बाबानं तुमचं नावबी काढलं नाही." त्या दिवसापासून मले घास गोड लागत नाही. शिव्या देल्या असत्या तं बरं होतं.

तू काऊन हसून राह्यली? ते स्थळ तुले पसंत नव्हतं म्हणते? नसंल. पण तुझ्या बापाले तं नव्हतं ना ठाऊक, उतारावर गाडी ढकलताना.

तवापासून तो इकडं आला नाही. काम हाय, हरभऱ्याची सोंगणी हाय, काहीबाही सांगते. घरी गेली की सांग त्याले, इहीण बोलावते म्हणा. तुझ्या मायलेबी घेऊन या, तिच्यासमोरच मले तो राह्यलेला शब्द बोलायचा हाय. त्याच गाडीवर या. मी हात लावणार नाही तिले. थंडी सरायच्या आधी या.