बाईंचा घण

सेन्सर विकायला आलेल्या माणसाला बाई आधी चहा पाजायच्या आणि मग त्याच्यादेखत त्याच्या मालावर घण घालायच्या. मुलुंडच्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्स त्यांच्याकडे होतं. तोंडावर आम्ही ‘बाई’ म्हणायचो, पाठीमागे ‘घणवाली’.

तुम्ही म्हणाल, ही काय खरेदीची रीत? अहो, प्रेसचा रॅम म्हणजे वरून दणकन खाली येणारा लोखंडी ठोकळा. तो कुठवर आलाय हे सांगतो सेन्सर. ‘रॅम वर गेला’ असं त्यानं सांगितलं की साच्यापुढची संरक्षक जाळी उघडते आणि मी साच्यात हात घालून पत्रा काढतो. तो खोटं बोलला की माझ्या हाताची चटणी!

म्हणून बाई नमुना तेलात बुचकळायच्या, वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली धरायच्या आणि मग घण. एकदा एक टायवाला कळवळला, “मॅडम, कॅटलॉगमध्ये सगळं दिलंय ना!” बाई कडाडल्या, “तुझ्या कॅटलॉगला हात आहेत काय रे? ह्याला आहेत!” माझं मनगट त्याच्या नाकासमोर असं काही नाचवलं की ते दिवसभर ठणकत होतं.

आत घासत चालणारे सेन्सर तर त्या न बघताच भंगारात भिरकावायच्या. “घासतं ते झिजतं, आणि झिजलेलं खोटं बोलतं. माझ्या हातून फुटूदे मेला, तुझ्या हातावर नको.”

शेवटी एक टिकला. त्यात रॅमबरोबर एक चुंबक सेन्सरच्या नळीशेजारून सरकायचं, चुंबक जिथे दिसेल तिथे रॅम असं तो धरायचा; कुठे घासणं नाही. घण खाऊनही त्याचं रीडिंग हललं नाही, तेव्हा बाईंनी त्याची पाठ थोपटली. माझी कधी थोपटली नव्हती.

मग दसरा आला. मशीनला हार घातले, नारळ फोडला. माझा जोडीदार पेडणेकर गाडीत लावतात तसला चुंबकाचा गणपती घेऊन आला आणि सेन्सरच्या नळीलाच, अगदी वरच्या टोकाला, चिकटवला. “देव तुझ्या हातांवर लक्ष ठेवील यार,” म्हणाला. झकास दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. रॅम खाली यायला लागला, पण सेन्सरला दिसलं गणपतीखालचं चुंबक. त्यानं सांगून टाकलं, रॅम वर आहे. जाळी उघडली. जाळी उघडली की हात आत, ही आमची सवय. मान वर करून बघतो कोण?

“हात!” बाईंची आरोळी आली. त्यांनी मला कॉलर धरून मागे फेकलं आणि साच्यात घण उभा घातला. रॅम त्यावर बसला. दांड्याच्या चिंधड्या उडाल्या, तुकडा माझ्या गालात घुसला. दांडा सोडायला बाईंना क्षणभर उशीर झाला होता. त्यांची दोन बोटं पत्र्यावर राहिली.

मी पेडणेकरवर तुटून पडलो. रक्त येईस्तोवर मारला. हाताला फडकं गुंडाळत बाई ओरडल्या, “सोड मेल्या त्याला! मी सगळं मारून बघितलं, देव लावून बघितला नाही!”

त्या परत कामावर आल्या नाहीत. कुडाळला भावाकडे असतात. फोन केला की “हात कसे आहेत?” एवढंच विचारतात.

आता सेन्सर मी निवडतो. परवा एकाचा माल घणाखाली तगला, तो खूश झाला. मी खिशातून तोच गणपती काढून नळीला चिकटवला.

“सर, पूजा?”

रीडिंग टुणकन उडालं. सेन्सर भंगारात गेला. मग मी हात जोडले. गणपतीला नव्हे. जोडायला दोन्ही हात ज्यांनी शिल्लक ठेवले, त्या बाईंना.