त्या काम घेत होत्या

शुभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हेदवीला होतो, आणि तेही त्यांच्याच जुन्या गिऱ्हाइकाच्या ओटीवर. फोनवर मालतीवहिनी, शुभाताईंच्या भावजय. "मोहनभावोजी, वन्सं गेल्या हो. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि..." समोर अण्णा बसले होते. देवळातल्या गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांनी मुक्कामाचं घर बांधलंय. त्याचं माहितीपत्रक दर वर्षी नव्यानं निघतं, ते लिहून घ्यायलाच त्यांनी मला बोलावलं होतं. बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सोन्यासारखी बाई. त्यांनी काम सोडलं म्हणून, नाहीतर आम्ही दुसरीकडे गेलो असतो होय?" मी मान हलवली. शुभाताईंनी काम सोडलेलं नव्हतं. तसं अण्णांना मी सांगितलं होतं... त्या फोनला आता दीड महिना झाला. आज पहिल्यांदा हे लिहितो आहे.

रत्नागिरीत राहून लोकांना मजकूर लिहून द्यायचा, यावर शुभाताईंनी पंचवीसेक वर्षं काढली. आंब्याच्या पेटीवरच्या चार ओळी, देवस्थानाची स्मरणिका, निवृत्त माणसाचं आत्मचरित्र, जे येईल ते. "म्हणजे नोकरी कुठे?" असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "ज्याला शब्द सुचत नाहीत त्याच्याकडे." मुंबईतली नोकरी सुटून मी गावी परतलो तेव्हा मला लिहिता येत होतं, पण कोणासाठी लिहायचं हे ठाऊक नव्हतं. मी 'क्लायंट' म्हटलं की त्या हसायच्या. "क्लायंट पुण्यात रे. आपली गिऱ्हाइकं." त्या मला बरोबर घेऊन हिंडल्या. बागायतदाराकडे आंब्याच्या दिवसांत फिरकायचं नाही. पाऊस लागला की जायचं, तेव्हा माणूस ओटीवर रिकामा बसलेला असतो. काम मागायचं नाही. त्याच्या जुन्या पत्रकातली एक चूक दाखवायची, चहा प्यायचा आणि घरी यायचं. चार दिवसांत फोन येतोच. आणि पहिला खर्डा कधी पाठवायचा नाही, समोर बसून वाचून दाखवायचा. "कागदाकडे बघू नको मेल्या, त्याच्या तोंडाकडे बघ. कुठे हसतो, कुठे पाय हलवतो, ते ध्यानात ठेव." जहाजावर उमेदीची वर्षं काढलेल्या इब्राहिमचाचांची आठवणींची वही त्या अशीच एकेक प्रकरण वाचून दाखवत लिहीत होत्या. एक प्रकरण ऐकताना चाचा उठून आत गेले ते परत आलेच नाहीत. शुभाताई शांतपणे कागद गोळा करून उठल्या. "झालं हे प्रकरण. आता याला हात लावायचा नाही."

तीन वर्षांपूर्वी परसातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तर पडल्या पडल्या त्यांनी मला कामं वाटून दिली. अण्णा, इब्राहिमचाचा आणि भाट्याचा एक नारळवाला. "दोन महिने सांभाळ. नंतर मी आहेच." मी सांभाळली. तिसऱ्या महिन्यात अण्णांनी सहज विचारलं, "ताई कधी येतायत?" मी म्हणालो, "त्या आता काम घेत नाहीत."

ठरवून बोललो नाही. पण चुकूनही बोललो नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव घेऊन मला बोलावत होतं, मी पायऱ्या चढण्याआधीच आतून कपबश्यांचा आवाज येत होता. ते मला सोडवेना, एवढंच. अण्णांनी "अरेरे" म्हटलं आणि विषय संपला. नारळवाल्याला तेच सांगताना जीभ अडखळली नाही. चाचांना सांगावंच लागलं नाही, त्यांच्यापर्यंत ते पोचलेलं होतं. आपलं गाव केवढं!

शुभाताई काठी घेऊन हिंडायला लागल्या. फोन उशाशी घेऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "मोहन, हेदवीचे माझ्यावर रागावलेत का रे?" मी म्हटलं, "छे हो. त्यांनी यंदा काही काढलंच नाही." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "माझं लिखाण जुनं झालं असेल. माणसाला स्वतःचं कळत नाही." तेव्हा बोलायला हवं होतं. मी समोरच्या पोह्यांत लिंबू पिळत राहिलो.

मग मला उपाय सुचला, आणि तोच जास्त वाईट होता. मी त्यांना कामं द्यायला लागलो. नावगाव न सांगता. "एक ओळखीचे आहेत, घरी पाहुणे मुक्कामाला येतात, पाचशे शब्द हवेत." त्या काही न विचारता लिहून द्यायच्या आणि ते माझ्या नावावर जायचं. पहिल्याच मजकुरात एक ओळ होती... मे महिन्यातही या घरच्या विहिरीचं पाणी दात शिवशिवावेत इतकं गार असतं. मी विहिरीबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. ती ओळ मी खोडली. वाचून दाखवल्यावर अण्णा खूश झाले, फक्त एवढंच म्हणाले, "ताई लिहायच्या तेव्हा विहीर असायची."

त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी ठरवून सगळं सांगायला गेलो होतो. त्या सुपात आमसुलं निवडत होत्या. "बोल," म्हणाल्या. मी म्हटलं, "काही नाही, असाच." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मूठभर आमसुलं कागदात बांधून दिली.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. ट्रंकेत एक निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली होती. एकेक पान एकेका गिऱ्हाइकाचं. चाचांच्या पानावर: 'बोटीचं सांगताना डोळे भरतात. तेव्हा लिहिणं थांबवून पाणी मागावं.' अण्णांच्या: 'निसर्गरम्य हा शब्द खपत नाही. आईचं नाव पहिल्या परिच्छेदात.' अशी वीसबावीस पानं. शेवटचं तेवढं बिननावाचं. वहिनींनी तेच उघडून माझ्यापुढे धरलं. 'मुदतीच्या दोन दिवस आधी द्यावं, घाबरतो. सुरुवात जमत नाही, ती आपणच करावी. काम कोणाचं ते विचारू नये. लाजेल.'

"हे कोण हो, भावोजी? वन्संकडून नाव घालायचं राहिलं वाटतं. काही अर्धवट असेल तर त्यांना कळवायला हवं."

"कळवतो मी."

"ओळखीचे आहेत?"

"आहेत."

वहिनींनी ते पान पट्टी लावून नीट फाडलं, घडी घातली आणि माझ्या हातात ठेवलं. "मग हे नेऊनच द्या त्यांना. बघा हो, किती सांभाळून घेतलंय माणसाला."

ते पान माझ्याकडे आहे. वहिनी, हे ज्यात छापून येईल ती रविवारची पुरवणी तुम्ही वाचता. ज्याचं होतं त्याला ते पोचलं.