हात न लागलेली नळी

माझी बायको प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. मांजरी गावाच्या पुढे, झाडांच्या रोगांवर काम चालतं तिथे. सगळे तिला ताई म्हणत. कुणी हातमोज्यांशिवाय टेबलाजवळ आलं की म्हणायची, "हात खिशात घाला, नाहीतर घरी ठेवून या." साहेबांनाही हेच.

कारण आरएनए. पेशीतला नाजूक धागा. उघडा हात लागला की त्याचा भुगा होतो. मी चौथी शिकलेला रिक्षावाला, मला हे तिनेच भाकऱ्या थापताना सांगितलं. पूर्वी सगळ्यांना वाटायचं, हा नुसता निरोप पोचवतो. "पण आपल्या अंगातली प्रथिनं जोडतो तो आरएनएच," ती म्हणायची. "राबतो, सांगत नाही."

एकदा तिथल्या मॅडमचा महिनाभर खपून बनवलेला, झाडाच्या एका रोगाचा आरएनए तुटला. नळी ताईंनी उघड्या हाताने धरली, असं मॅडम म्हणाल्या. कामावरून काढायची भाषा झाली. ती घरी येऊन सांगत होती, मी हात लावलेला नाही. मी म्हणालो, "लागला असेल. कबूल कर आणि मोकळी हो." ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमच्या टेबलावरचा तपासणीचा फोटो पाहिला; त्यात आरएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात. बिघडलेले असले फोटो इतकी वर्षं तीच कचऱ्यात टाकत होती. म्हणाली, "मॅडम, हाताने बिघडलं की सगळा फराटा उमटतो. ह्या तर दोन स्वच्छ पट्ट्या आहेत."

मॅडमनी नेहमी घालतात ते मॅग्नेशियम न घालता तेच परत केलं. धागा अख्खा राहिला. मॅग्नेशियम मिळालं की तो स्वतःच स्वतःला ठरल्या जागी कापत होता. झाडातला तो रोग असाच कापत, जोडत वाढतो म्हणे. मॅडमनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. घरी तिने मला हे सांगितलं. मी म्हणालो, "बरं झालं," आणि रिक्षा पुसायला गेलो.

यंदा ती आजारी पडली. दवाखान्यात एका दुपारी मी धीर करून म्हणालो, "त्या नळीच्या वेळी माझं चुकलं."

"कुठल्या नळीच्या?" ती म्हणाली.

खरंच विसरली होती, की मला आणखी बोलायला लावत होती, कळलं नाही. मी म्हणालो, जाऊ दे. तिने डोळे मिटले. सकाळी ती गेली.

सांगायला हवं होतं. नळी कुठली ते.